‘डिस्क पुसा’ : तबकडी, चकती, प्लेट की आणखी काही?

नाशिकरोड_अनुवाद
व्यवसाय अभ्यासक्रमाच्या एका देखभाल पुस्तिकेचं मराठीकरण चालू आहे. ध्वनियंत्रं, संगणक आणि मोटारगाड्या असे तीन भाग आहेत आणि तिन्हींत ‘डिस्क’ आहे. तपासनिसांचा आग्रह असा की पुस्तकभर एकच प्रतिशब्द हवा, सगळीकडे ‘तबकडी’ करा. अडचण अशी की ‘डिस्क पुसा’ हे वाक्य तिन्ही भागांत येतं आणि दर ठिकाणी कृती निराळी आहे. एका भागातली कृती मुलांनी दुसरीकडे केली तर वस्तूच हातची जाईल. तुम्ही काय लिहाल?

पंचवटीकर
तबकडीच लिहा. तबक मूळचं अरबी, पण आपल्याकडे इतकं मुरलंय की ओवाळणी त्याच्याशिवाय होत नाही. भांडी बाजारात जाऊन ‘पितळेचं तबक दाखवा’ म्हणा, दुकानदाराला दुसऱ्यांदा सांगावं लागणार नाही. लहान तबक ती तबकडी. गाण्याची तबकडी, उडती तबकडी, सगळं रुळलेलं आहे. घरात शब्द असताना बाहेरचा कशाला?

सातपूर_लेथ
पंचवटीकर, घड्याळाची तबकडी विसरलात. जी फिरत नाही, जिच्यावर काटे फिरतात, तीही तबकडीच. गाडीच्या भागात याने घोळ होतो. ब्रेक मारल्यावर स्टेअरिंग थरथरत असेल तर ब्रेकची डिस्क फिरताना किती डगमगते (तिचा ‘आऊट’) ते डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल तबकडीवरच्या काट्याने दाखवणारं मापक, लावून तपासतात. आता ‘तबकडीचा आऊट तबकडी-मापकाने मोजा’ असं छापणार का?

अंबड-सातपूरच्या कुठल्याही गॅरेजमध्ये तिला ‘डिस्क प्लेट’ किंवा नुसतं ‘प्लेट’ म्हणतात. ‘प्लेट आऊट झाली’ म्हटलं की काम कळतं. कृती अशी लिहा: चाक काढा, प्लेट उतरवा, हबच्या (ज्यावर प्लेट आणि चाक बसतं त्या भागाच्या) तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढा. प्लेट परत बसवून नट सारख्या ताणाने आवळा. डायल गेजचं टोक बाहेरच्या कडेपासून साधारण 10 मि.मी. आत टेकवा आणि प्लेट हाताने पूर्ण एक फेरा फिरवा. आऊटची मर्यादा गाडीच्या पुस्तकातली पाळायची. बऱ्याच गाड्यांना ती 0.05 ते 0.1 मि.मी.च्या दरम्यान असते. मग मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी मोजा. थरथर बहुतेक वेळा प्लेट वाकल्याने येत नाही, जाडी कमीजास्त झाल्याने येते. हबवर गंजाची खपली राहिली किंवा नट एका बाजूने आवळले की प्लेट किंचित तिरकी फिरते, दर फेऱ्याला ब्रेकचा पॅड तिला त्याच जागी घासतो आणि काही हजार किलोमीटरनंतर तेवढाच भाग पातळ होतो. किमान जाडी प्लेटवरच कोरलेली असते. स्किनिंग करून (लेथवर वरचा थर कातून) त्याखाली जात असेल तर लेथला लावूच नका, नवी घ्या.

पुसण्याबद्दल: नव्या प्लेटवर गंजरोधक तेल असतं. ते ब्रेक क्लीनरने काढायचं. रॉकेल-डिझेलने अजिबात नाही, त्याचा तेलकट थर राहतो आणि पॅडमध्ये मुरतो. तेल प्यायलेला पॅड घासून सुधारत नाही, बदलावाच लागतो. त्या प्लेटवर कसारा घाट उतरायचा असतो, हे लक्षात ठेवून शब्द निवडा.

कॅनडाकॉर्नर_हार्डवेअर
संगणकाच्या भागात तर ‘पुसा’ हे क्रियापदच धोक्याचं आहे. सीडी पुसणं म्हणजे धूळ काढणं. हार्ड डिस्क पुसणं म्हणजे आतली माहिती नष्ट करणं! एकाच पानावर दोन्ही वाक्यं आली तर मुलांनी काय समजायचं? दुसऱ्या ठिकाणी ‘माहिती कायमची खोडा’ असंच लिहा. क्विक फॉरमॅटने माहिती जात नाही, फक्त तिची यादी जाते. फिरत्या हार्ड डिस्कवर पूर्ण भाग पुन्हा लिहून काढावा लागतो. एसएसडीवर तोही भरवसा नाही, तिथे सिक्युअर एरेज, म्हणजे ड्राइव्हची स्वतःची सगळं खोडण्याची आज्ञा, वापरायची. आणि एसएसडीत फिरणारं काही नसतंच, तरी संगणकाच्या पडद्यावर तिचं नाव ‘डिस्क 0’ असंच दिसतं. तिला चकती म्हणा नाहीतर तबकडी, दोन्ही चूक.

सीडी मऊ कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत पुसायची, गोल गोल नाही. माहितीचा माग वर्तुळाकार असतो. त्याला आडवा ओरखडा गेला तर थोडीथोडीच माहिती तुटते आणि दुरुस्ती-संकेत ती भरून काढतात. मागाच्या दिशेने लांब ओरखडा पडला तर सलग माहिती जाते. दुसरं, लोक चकचकीत बाजू जपतात आणि छापील बाजू टेबलावर घासतात. 1.2 मि.मी. जाडीत ॲल्युमिनियमचा थर छापील बाजूला, पातळ लाखरोगणाखाली असतो. तिथे खरवडलं की माहितीच गेली. मधल्या भोकाजवळ तडा असलेली सीडी वेगवान ड्राइव्हमध्ये घालू नका. 52एक्स या वेगाला ती मिनिटाला सुमारे 10,000 फेरे घेते आणि आतल्या आत फुटते.

गोदाकाठ
रेकॉर्डचं नेमकं उलटं आहे. ती खाचांच्या दिशेने, म्हणजे गोलच पुसायची. आडवी पुसली तर धूळ खाचांत बसते.

त्याहून मोठी चूक ‘तबकडी’ या एका शब्दात लपते. मिनिटाला 78 फेऱ्यांची जुनी तबकडी लाखेची. 1948 साली आलेली 33⅓ फेऱ्यांची लाँग प्ले व्हिनाइलची. लाख स्पिरिटमध्ये विरघळते! व्हिनाइलसाठीचा स्पिरिट मिसळलेला द्रव लाखेच्या रेकॉर्डवर ओतला की पृष्ठभाग उतरलाच. तिला साधं पाणी, सौम्य साबणाचा एखादा थेंब, लेबल कोरडं ठेवायचं आणि लगेच टिपायचं. म्हणून ‘लाखेची रेकॉर्ड’ आणि ‘व्हिनाइल रेकॉर्ड’ असे दोन शब्द ठेवाच, पंचवटीकर रागावले तरी.

शिवाय ‘ध्वनिमुद्रिका’ हा सुरेख शब्द मागे का पडावा? मुद्रिका म्हणजे ठसा उमटवणारी अंगठी. रेकॉर्डही धातूच्या ठशाखाली दाबूनच बनते. इतका कामाला साजेसा शब्द इतर कुठल्याच डिस्कच्या वाट्याला आलेला नाही.

पंचवटीकर
रागावलो नाही. पण प्रत्येक धंद्याने आपापला शब्द आणला तर पुस्तक कोणत्या भाषेत झालं? इंग्रजीत तो एकच शब्द आहे ना?

गोदाकाठ
इंग्रजीतही एक नाही. ग्रीक ‘डिस्कोस’पासून डिस्क आली, तशी डिशही आणि डेस्कही. शेवटचं अक्षर सी की के यावर प्रकाशाने वाचायची सीडी आणि चुंबकीय हार्ड डिस्क वेगळ्या ओळखण्याचा रिवाज आहे. देवनागरीत तो फरक बुजतो, म्हणून आपल्याला विशेषण लावावंच लागतं.

निफाडकर
ट्रॅक्टरमागची डिस्क कोणीच घेतली नाही. तिला आमच्याकडे तवा म्हणतात. तव्यांचा नांगर, तव्यांचा कुळव. तो सपाट नसतो, खोलगट असतो, म्हणून शब्द चपखल बसतो. टायरवाल्याकडे मात्र ‘डिस्कसकट टायर’ म्हणजे अख्खं लोखंडी चाक. गाडीच्या भागात तेही घ्या, नाहीतर पोरगं ब्रेकची डिस्क मागायला जाईल आणि चाक घेऊन येईल.

सातपूर_लेथ
बरोबर. आणि ‘प्लेट’ला माझ्याच धंद्यात एक अडचण आहे, तीही सांगतो: क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट. म्हणून नुसतं ‘प्लेट’ नको, ‘ब्रेकची डिस्क प्लेट’ असं पूर्ण लिहा.

नाशिकरोड_अनुवाद
मग ‘चकती’चं काय? तपासनीस त्यावर कदाचित तयार होतील.

कॅनडाकॉर्नर_हार्डवेअर
चकती ऐकली की मणका आठवतो. तिथेही लोक ‘गादी सरकली’ म्हणतात आणि ते जास्त बरोबर आहे, कारण तिचं काम धक्का झेलण्याचं. हार्ड डिस्कच्या आतल्या एकेका पत्र्याला चकती म्हणा, पूर्ण वस्तूला हार्ड डिस्कच.

पंचवटीकर
गोदाकाठ, एक विचारतो. गायक द. वि. पलुस्करांच्या 78च्या ध्वनिमुद्रिका साध्या टर्नटेबलवर लावता येतात का? वेग आहे, पण खरखर फार येते.

गोदाकाठ
वेग असून भागत नाही, सुई बदला. लाँग प्लेची सुई 78च्या खाचेला फार बारीक पडते. ती तळाशी जाऊन तिथली घाण वाचते, ती खरखर. 78ची सुई टोकाला सुमारे तिप्पट रुंद असते, खाचेच्या भिंतींवर टेकते. बहुतेक कार्ट्रिजला (सुई जिच्यात बसते त्या डबीला) ती वेगळी मिळते. चावीचा ग्रामोफोन असेल तर पोलादी सुई दर बाजूला नवी. एका बाजूतच तिला खाचेचा आकार येतो आणि दुसऱ्यांदा लावली की तिची धार खाच कापते. पलुस्करांच्या तीन मिनिटांत वाया घालवायला एक तानसुद्धा नाही, सुई वाचवू नका.