जागल आणि रात्रीचं ओलित : भावाची झोप कशी सांभाळू?

हरभरावाली: माझ्या लहान भावाला तीन वर्षांपासून बायपोलर आहे, म्हणजे मन कधी अति उसळते, कधी पार खचते असा आजार. त्यावर लिथियमची गोळी चालू आहे. डॉक्टर म्हणतात, झोपायची-उठायची वेळ चुकू देऊ नका. पण आमच्याकडं ओलिताची लाईन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. वरून रानडुकरांची जागल. मागच्या पौषात तो सलग चार रात्री वावरात होता. पाचव्या दिवशी तीन तास झोपूनही थकवा नाही, बोलणं थांबेना, उधारीवर दोन फवारणी पंप घेऊन आला. आम्हाला वाटलं, पोरगं खुश आहे. यंदा पुन्हा हरभरा पेरलाय. बाबा म्हणतात, “एवढ्याशा जागरणानं काय होते?”

वावरातला: होते ताई. मलाही हाच आजार आहे, अकरा वर्षं झाली. शरीरातलं घड्याळ उजेडावर चालते, तसंच माणसांवरही चालते. अमेरिकेत पिट्सबर्गच्या एलेन फ्रँक यांनी यावरच उपचार बांधला. त्यांच्या २००५ च्या १७५ रुग्णांच्या अभ्यासात, सुरुवातीलाच रोजच्या वेळा बसवायला शिकलेल्यांना आजाराचा पुढचा झटका उशिरा आला. औषधं मात्र सगळ्यांचीच चालू होती.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाच वेळा लिहितो: उठलो, पहिल्यांदा कोणाशी बोललो, कामाला लागलो, रात्री जेवलो, झोपलो. जागल चुलतभावाला दिली, बदल्यात त्याचं डवरणं मी करतो. लोक कामचोर म्हणाले, ते लागलं मनाला. पण खरं कठीण जाते ते चैत्रात. वावर रिकामं, कोणी हाक मारत नाही, दिवस सैल पडतो. तेव्हा मी सांजच्या सामुदायिक प्रार्थनेला एकही दिवस चुकत नाही. मी दिसलो नाही तर दोघं-तिघं घरी विचारायला येतात.

आशाताई: झोप कमी होऊनही तरतरी वाटत असेल तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. गोळी मनानं कमी-जास्त करू नका. रात्री-अपरात्री १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन लावा; फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि सौर कृषी पंपाचा अर्ज भरून ठेवा, ओलित दिवसा होईल.

हरभरावाली: बाबांना सगळं वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर खुंटीवरची बॅटरी काढली आणि स्वतःच निघाले. त्यांचंही वय झालंय, रोज जमणार नाही. उद्या काकांकडं जाते, रानडुकरं अडवायला दोन्ही वावरांच्या कुंपणाला मिळून झटका मशीन लावता येते का विचारायला. भावाला आज साडेनऊला झोपवलं.