झेरमॅटमध्ये पायी काय बघायचं?
स्वित्झर्लंडमधल्या झेरमॅट गावात घड्याळांच्या दुकानांपलीकडे काही नाही, सरळ गोर्नरग्राटच्या डोंगरमाथ्यावर जाणारी गाडी पकडा, असा सल्ला ऐकायला मिळतो. स्टेशनसमोरच्या मुख्य रस्त्यापुरतं ते खरं आहे. पण चर्चच्या अलीकडे हिंटरडॉर्फ या जुन्या वस्तीच्या गल्लीत वळलात तर १६ ते १८व्या शतकातली लाकडी घरं आणि कोठारं दाटीवाटीने उभी दिसतील, लार्चचं लाकूड उन्हाने पार काळं पडलेलं. तिथे फोटो काढण्याआधी वाकून कोठारांचे पाय बघा. लाकडी पाय आणि वरची खोली यांच्यामध्ये जात्याच्या तळीसारखी सपाट दगडी चकती असते. उंदीर पायावरून चढतो, पण चकतीखाली उलटं लटकून कडेबाहेर येणं त्याला जमत नाही, त्यामुळे वरचं धान्य सुखरूप. नुसता चारा ठेवायच्या कोठारांना हा खटाटोप नाही. उंदराला गवतात काय मिळणार!

पुढे चर्चजवळ गिर्यारोहकांची दफनभूमी आहे. १४ जुलै १८६५ला इथला मॅटरहॉर्न पर्वत पहिल्यांदा सर झाला आणि उतरताना सातपैकी चौघे कोसळले, त्यातल्या मिशेल क्रो या वाटाड्याची कबर इथे आहे. तेव्हा तुटलेला दोर जवळच्याच संग्रहालयात ठेवलाय. इतक्या बारीक दोरावर माणसं त्या कड्यावर गेली कशी, कोण जाणे.