विषय: हातच्याची वजाबाकी चुकणारी पोरं

चौथीत ५२ − १७ चं उत्तर ४५ काढणाऱ्या सगळ्यांना एकाच ‘कच्च्या’ गटात बसवावं का, असं विचारलंय. नका बसवू. ४५ दोन वाटांनी येतं. एक पोर्‍या ७ मधून २ काढतो, कारण मोठ्यातूनच लहान जातं असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. दुसरा दशक फोडून १२ − ७ बरोबर करतो, पण ५ चे ४ करायला विसरतो. हे उदाहरणच फसवं आहे.

४० − १३ द्या. ३३ आलं तर पहिला प्रकार, ३७ आलं तर दुसरा.

३३ वाल्याला पाटी नकोच. तुऱ्हाटीच्या काड्यांच्या दहा-दहाच्या ४ जुड्या द्या, १३ काड्या मागा. जुडी त्यानंच सोडायची, आपण नाही. इथंच गुरुजींची घाई नडते. ३७ वाल्याला फक्त ४ खोडून वर ३ लिहायची सवय लावा.

मेळघाटात कोरकू बोलणारं लेकरू ‘कसं केलं?’ विचारल्यावर गप्प राहिलं, तर जुड्या देऊन हात बघा. भाषेची अडचण गणितात धरू नका. अन् कापूस वेचणीच्या दिवसांतली हजेरीही आधी तपासा, तेव्हा हा धडाच बुडाला असेल.