खर्व म्हणजे नेमके किती?

प्रश्न
नाशिकला नववीला विज्ञान शिकवतो. परवा फळ्यावर एका प्रकाशवर्षाचे किलोमीटर लिहिले: ९४,६०,००,००,००,०००. आता वाचा म्हटलं. एक म्हणाला ९४६ खर्व. दुसरा हिंदी व्हिडिओ बघणारा, तो म्हणाला साधारण साडेचौऱ्याण्णव खरब. बरोबर कोण?

प्रतिसाद १
दोघंही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथातल्या यादीत प्रत्येक संज्ञा आधीच्या दसपट: कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. म्हणून आपला खर्व दहा अब्जांचा. हिंदीत मात्र अरबच्या (म्हणजे आपल्या अब्जाच्या) पुढे शंभरपटीनं जातात, त्यामुळे त्यांचा खरब शंभर अब्जांचा. गंमत म्हणजे संस्कृतात खर्व म्हणजे बुटका. 'खर्वं स्थूलतनुं' म्हणतो ना आपण गणपतीला, तोच!

प्रतिसाद २
परार्धाचंही तसंच. रामकुंडावर संकल्प सांगताना 'द्वितीये परार्धे' येतं, तिथे परार्ध म्हणजे ब्रह्मदेवाचं निम्मं आयुष्य. लीलावतीत तो एकावर सतरा शून्यं.

प्रतिसाद ३
वर्गात खर्व-निखर्व नकोच, असं माझं मत. पाठांतराला छान आहेत, पण पोरांच्या डोळ्यापुढे काही उभं राहत नाही. मी 'नऊ लाख शेहेचाळीस हजार कोटी' असंच वाचायला लावते आणि शेजारी दहाचा घात लिहिते. मग सेकंद मोजायचे. लाख सेकंद म्हणजे जेमतेम २८ तास. कोटी म्हणजे ११६ दिवस. अब्ज म्हणजे ३१ वर्षं ८ महिने! चौदा वर्षांचं पोरगं अजून ४४ कोटींवरच असतं. मग बाईंचा अब्ज झाला का, हा प्रश्न येतोच. (झालाय. कधी, ते सांगत नाही.)

आणखी एक. पांडवलेणी सुमारे २००० वर्षांची, ती धरा एक सेंटिमीटर. ज्या काळ्या पाषाणात ती कोरली तो साधारण ६.६ कोटी वर्षांचा, म्हणजे ३३० मीटर. पृथ्वी ४५४ कोटी वर्षांची. ती भरते २२.७ किलोमीटर. शाळेच्या दारातून निघालात तर त्र्यंबक रस्त्यानं अंजनेरीच्या आसपास पोचाल.

मूळ प्रश्नकर्ता
हे झकास. वर्गात एक अंजनेरीचा आहे, रोज एसटीनं येतो. उद्या त्यालाच उभा करतो.