दीडपट स्पीड आणि ३६ फोटो
या महिन्यात काय ऐकलं-पाहिलं या गप्पांत कुणीतरी म्हटलंय की पॉडकास्ट दीडपट स्पीडनेच ऐकतो, त्याशिवाय उरकत नाहीत. मीही तेच करायचो, पण मुलाखतीत समोरचा माणूस उत्तराआधी जरा थांबतो ना, ते थांबणंच गायब होतं राव, म्हणून परत साध्या स्पीडवर आलो.

सिनेमात 'परफेक्ट डेज' (२०२३) दुसऱ्यांदा पाहिला. टोकियोत सार्वजनिक टॉयलेट्स साफ करणारा माणूस, गाडीत कॅसेट लावतो, जेवणाच्या सुट्टीत झाडांचे फोटो काढतो, बास एवढंच, आणि तरी हलता येत नाही. ही भूमिका करणाऱ्या कोजी याकुशोला कान फिल्म फेस्टिव्हलमध्ये अवॉर्ड मिळालं ते अगदी योग्य. फिल्मचा रोल धुऊन आला की सिनेमातला तो माणूस न आवडलेले प्रिंट सरळ फाडून टाकतो, तो सीन बघून मला माझ्या फोनमधल्या कचऱ्याची लाज वाटली.

मग महिन्याला ३६च फोटो, एका रोलइतके, असं ठरवलं. पानांतून येणारं ऊन काढायला गेलो तर मागच्या उजेडामुळे पानं काळीठिक्कर, एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) +१ केल्यावर कुठे हिरवी दिसायला लागली. त्यात ११ गेले.

गाण्यांचं म्हणाल तर या महिन्यात काहीच नवीन नाही, जुनंच चालूये.