ट्रकच्या काचेवरचे यिर्मया 29:11 : धीर की भूल?

कुडचड्याचा टायरवाला

माझे टायर रिमोल्डचे, म्हणजे झिजलेल्या टायरला नवे रबर चढवायचे, दुकान आहे. मूळचा नगरचा, घरी तीन पिढ्या मराठी बायबल, गोव्यात बावीस वर्षे. दुकान चालले ते खाणीच्या ट्रकांवर. 2012 मध्ये खाणी पहिल्यांदा बंद पडल्या, मग थोड्या सुरू झाल्या. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीज रद्द ठरवल्या आणि 16 मार्चपासून पुन्हा सगळे ठप्प. त्या काळात माझ्या शेडच्या मागे एका गिऱ्हाइकाचा ट्रक ठोकळ्यांवर चढवून ठेवला होता. अजून आहे. चॅसीतून झुडपे वर आलीत, केबिनमध्ये कोंबडी अंडी घालून गेली. पुढच्या काचेवर मात्र लाल अक्षरांत बायबलचे वचन शाबूत : यिर्मया 29:11. देवाच्या मनात आपल्याविषयी जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते आशा देणारे आहेत, असा त्याचा आशय.

ट्रकवाला रोज येऊन काचेवरची धूळ पुसायचा आणि म्हणायचा, "पुढच्या महिन्यात सुटतंय बघ." कोणी पाद्री, कोणी प्रार्थनासभेतला भाऊ त्याला तेच वचन पुन्हा पाठवायचा. दर महिन्याला बँकेचा माणूसही यायचा.

माझे म्हणणे एवढेच की ती ओळ एका पत्रातली आहे. यरुशलेममधून यिर्मया या संदेष्ट्याने बाबेलला, म्हणजे बॅबिलॉनला, नेलेल्या बंदिवानांना ते पत्र लिहिले. इसवी सनापूर्वी 597 मध्ये राजासकट लोकांना धरून नेले होते, त्यानंतरचे. आधीच्या 28 व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा देवळात उभा राहून सांगतो, दोन वर्षांत सगळे परत येणार. टाळ्या त्यालाच मिळाल्या असतील. यिर्मया लिहितो, घरे बांधा, मळे लावा, त्यांची फळे खा, पोरांची लग्ने करा, ज्या शहरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आणि दहाव्या ओवीत, म्हणजे आपल्या लाडक्या ओळीच्या अगदी वर, सत्तर वर्षे असे स्पष्ट लिहिलेय. चाळिशीतल्या माणसाने ते पत्र ऐकले असेल तर त्याला काय कळले असेल? की तू इथेच मरणार.

आपण वरची ओळ कापतो आणि खालची काचेवर चिकटवतो. यिर्मयाचे नाव घालून हनन्याचा माल विकणे झाले हे. माझा विश्वास आहे, रोज वाचतो, म्हणूनच राग येतो. तुम्हाला काय वाटते?

डिचोलीकर

तुमचा राग अर्ध्यावर थांबला. कापलेली ओळ भूल आहे, मान्य. पण अख्खा अध्याय तरी काय देतो? "मळे लावा आणि गप्प बसा." सत्तर वर्षे थांबायला सांगणारा देव आणि "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे" म्हणणारा मंत्री, मला दोघांच्या बोलण्यात फरक दिसत नाही. आमच्याकडेही खाणी बंद झाल्या. कोणी नवस केला, कोणी नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), कोणी सत्यनारायण. हप्ता कुणाचाच माफ झाला नाही. ज्यांनी बँकेत चकरा मारून एकरकमी तडजोड करून घेतली ते सुटले.

आणि हिशेब जरा तपासा. बाबेल पाडणाऱ्या इराणच्या कोरेश (सायरस) राजाने परतायची परवानगी दिली ती 538 च्या सुमारास. 597 वजा 538 म्हणजे 59. सत्तर कुठे झाले?

कुडचड्याचा टायरवाला

हिशेबाचा मुद्दा बरोबर धरलात. काही जण बाबेलची सत्ता सुरू झाली तिथपासून मोजतात, काही जण देऊळ पाडले ते 586 ते पुन्हा बांधून झाले ते 516 असे मोजतात, ते बरोबर सत्तर भरते. काही जण म्हणतात सत्तर म्हणजे एक अख्खा जन्म. मला तिसरे पटते. पण ओढूनताणून सिद्ध करायला बसणार नाही.

नुवेची बाय

टायरवाले बाब, माहेर माझे सावर्डे, मराठी शाळेत शिकले म्हणून मराठीत लिहिते. तुमचे वाचून आधी पटले आणि मग चीड आली.

2020 मध्ये, कोरोनात, माझा भाऊ क्रूझवर होता. प्रवासी उतरले, खलाशी आत. बंदर घेईना, देश घेईना. केबिनला खिडकी नाही, जेवणाचे ताट दाराबाहेर ठेवून जायचे. इथे माझी आई, वय 74, शाळा दुसरीपर्यंत. रोज तेर्स (जपमाळेची प्रार्थना) झाले की स्तोत्र 91 मधल्या दोन ओळी पाठ म्हणायची, त्या पंखांखाली आसरा मिळण्याच्या. संदर्भ तिला ठाऊक नाही, कोणी लिहिले ते ठाऊक नाही. अंगणातल्या खुरसाकडे (क्रुसाकडे) मेणबत्ती लावायची, वारा विझवायचा, परत लावायची. असे अडीच महिने. भाऊ रात्री फोनवर विचारायचा, "आई म्हणली काय गे?" त्याला एवढेच हवे असायचे.

तिला मी सांगू, मांय, आधीचा अध्याय वाच? ज्याला बायबल घेऊन टेबलावर बसता येते त्याने अख्खे वाचावे. ज्याला येत नाही त्याच्या हातातली एक ओळ काढून घेऊ नये.

कुडचड्याचा टायरवाला

आईंना नमस्कार सांगा. पण तुम्ही नेमके 91 वेच काढलेत म्हणून बोलतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात, चौथ्या अध्यायात, येशूला देवळाच्या टोकावर उभे करून सैतान वचन ऐकवतो, उडी मार, देवदूत तुला हातांवर झेलतील. ते वचन याच स्तोत्रातले आहे. एक ओळ कापून पाठवणारा पहिला तोच.

नुवेची बाय

आणि येशूने काय केले? स्तोत्र फेकून दिले? बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकातले दुसरे वचन काढून उत्तर दिले, तेसुद्धा एकच. खुरसावर तर त्याला अख्खे स्तोत्र म्हणायला श्वासही नव्हता. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" ही स्तोत्र 22 ची पहिली ओळ, तेवढीच. मरताना माणसाला एकच ओळ आठवते, बाब.

पैंगीणकर

निवृत्त शिक्षक, धर्माने हिंदू, या वादात पाहुणा. नुवेच्या बाईंचे शेवटचे वाक्य दोनदा वाचले. आमच्या आजीचा हरिपाठही असाच होता, अर्थ विचारला की म्हणायची, अर्थ देवाला माहीत आहे.

पण टायरवाल्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री 1579 मध्ये गोव्यात आला आणि इथल्या नवख्रिस्ती लोकांसाठी मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचले. ते 1616 मध्ये राशोलला छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्या! लोकांना सुटी वचने पुरत नव्हती. त्यांना पुराण हवे होते, म्हणजे सृष्टीपासून शेवटपर्यंत सांगितलेली कथा, बसून ऐकायची, उद्या पुढचा भाग. पाद्र्याने ते ओळखले. धर्म बदललेल्या, घरदार उलटेपालटे झालेल्या माणसाला धीर मिळाला तो लांबलचक कथेतून. फॉरवर्डच्या काळात आपण ऐकायची सवयच घालवली.

डिचोलीकर

गुरुजी, अर्धीच गोष्ट सांगता. त्या लोकांची जुनी पुराणे कुणी हिरावली? देवळे कुणी पाडली? 1560 मध्ये इथे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, बसले, 1583 मध्ये कुंकळ्ळीला देवळांवरून किती रक्त सांडले ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. आधी हातातली काठी काढून घ्यायची आणि मग नवी काठी देऊन म्हणायचे, बघ किती आधार!

पैंगीणकर

ते मी नाकारत नाही, आणि नाकारले तर पैंगीणला तोंड दाखवता येणार नाही. पण ज्याने काढली आणि ज्याने दिली, त्यांच्यापेक्षा ज्याच्या हातात ती होती त्याच्याबद्दल मी बोलतोय. त्याने ती चारशे वर्षे वापरली. ती त्याची झाली.

वास्कोतला वसईकर

डिचोलीकरांच्या बँकेच्या मुद्द्यावर कोणी बोललेच नाही. याकोबाच्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात, जवळजवळ हेच आहे. भाऊ उघडा आहे, उपाशी आहे, आणि तुम्ही त्याला म्हणता, सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव, पण देत काहीच नाही, तर उपयोग काय? मला वाटते वचन लांब की तोकडे हा प्रश्नच नाही. पाठवणारा सोबत काय पाठवतो ते बघा. ट्रकवाल्याला 29:11 पाठवणाऱ्यांपैकी किती जण त्याच्याबरोबर बँकेत गेले?

डिचोलीकर

हे पटले. ख्रिस्ती माणसाच्या पोस्टला पहिल्यांदा अंगठा देतोय, आईशप्पथ. तरी सांगतो, आमच्या ओळखीतल्या एका बाईने मांडवातल्या प्रार्थनेनंतर रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या होत्या. "विश्वास कमी पडतो" म्हणून. पुढचे लिहीत नाही. त्यामुळे "एक ओळ पुरते" हे वाक्य मला सरसकट गोड लागत नाही.

नुवेची बाय

गोळ्या सोडायला सांगणारा माझ्या आईसमोर आला तर ती त्याला व्हाणेने मारील. ती ओळ म्हणायची आणि मग भावाच्या कंपनीला, आमदाराला, सगळ्यांना माझ्याकडून फोन लावून घ्यायची.

काल रात्री तिला टायरवाल्यांनी लिहिलेले 29 वे अख्खे वाचून दाखवले, कोंकणीत सांगत सांगत. घरे बांधा, मळे लावा इथे मान हलवली. सत्तर वर्षांवर थांबली. बोटांवर काहीतरी मोजले आणि म्हणाली, "म्हणजे नातरां पावलीं." नातवंडे पोचली. मग गप्प. मग विचारले, पत्र लिहिणारा तरी पोचला का घरी?

कुडचड्याचा टायरवाला

तो घरीच होता, पण राहिला नाही. शहर पडल्यावर उरलेले लोक त्याला ओढून मिसरात घेऊन गेले. तिथून परतल्याचे कुठे लिहिलेले नाही.

पण आईंना 32 वा अध्यायही सांगा. शहराला बाबेलचा वेढा, हा स्वतः राजाच्या पहाऱ्यात कैद, आणि चुलतभाऊ येऊन म्हणतो, अनाथोथचे माझे शेत विकत घे. शत्रू बसलेल्या जमिनीचा सौदा! आणि हा घेतो. सतरा शेकेल चांदी तराजूत मोजून देतो, साक्षीदार बोलावतो, विक्रीखतावर मोहोर करतो आणि कागद मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो, पुष्कळ दिवस टिकावेत म्हणून. माझ्यासाठी आशा म्हणजे ते मडके. कोणाला एका ओळीत हवी असेल तर असो, नुवेच्या बाईंसमोर मी हट्ट सोडला. पण काचेवरच्या वचनावर नाही सोडला.

ट्रकवाल्याचे राहिले. 2019 च्या पावसात त्याने घरामागे चाळीस सुपारीची रोपे लावली. कुठल्या अध्यायामुळे नाही, बायकोने भांडून लावायला लावली. गेल्या वर्षी सुपारीची पहिली शिपटी, म्हणजे घड, आली.

डिचोलीकर

चाळीस झाडांत ट्रकचा हप्ता फिटत नाही. आणि त्या मडक्याचे पुढे काय झाले? सापडले का कुणाला?

कुडचड्याचा टायरवाला

हप्ता नाही फिटत. अजून चालूच आहे. मडक्याचा पुढे पुस्तकात उल्लेख नाही. आणि वसईकर, तुम्ही बँकेचे काढलेत म्हणून सांगतो, मीही त्याच्याबरोबर कधी गेलो नव्हतो. सोमवारी जातोय. ट्रकचे मागचे चार टायर अजून चांगले आहेत, मीच रिमोल्ड केलेले, फार चाललेले नाहीत. डिचोलीत कुणाला हवे असतील तर कळवा.