चर्चा: नऊ क्लबांचे पाच प्रादेशिक संघ करून वेल्सने रग्बी वाचवलं की मुळं तोडली?

टॅफकाठ:
ऑक्टोबर २०२५ मध्ये वेल्श रग्बी युनियनने जाहीर केलं की चार व्यावसायिक प्रादेशिक संघांपैकी यापुढे तीनच राहतील. माझा याला ठाम विरोध आहे. हा घाव पहिल्यांदा २००३ मध्ये घातला गेला, आणि त्यातून कुणीच काही शिकलेलं दिसत नाही.

ज्यांना मागचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी: २००१ मध्ये आयर्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स यांची मिळून सेल्टिक लीग सुरू झाली. तीच आजची युनायटेड रग्बी चॅम्पियनशिप. पहिल्या वर्षी १५ संघ होते आणि त्यातले तब्बल नऊ वेल्सचे जुने क्लब. दोन वर्षांत युनियनचे मुख्याधिकारी डेव्हिड मॉफेट यांनी त्या नऊंचे पाच संघ केले. नीथ आणि स्वान्सी हे पिढ्यान्‌पिढ्यांचे वैरी. त्यांना जोडून ऑस्प्रीज झाला. दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना एक करून ‘आता मिळून टाळ्या वाजवा’ असं सांगावं, तसलाच प्रकार.

सगळ्यात वाईट वाटतं ते सेल्टिक वॉरियर्सचं. पॉन्टिप्रिड आणि ब्रिजेंडचा हा जोडसंघ, कोळसा खाणींच्या दऱ्यांमधला. एकाच हंगामात लीगमध्ये चौथा आला. इंग्लंडच्या वॉस्प्स क्लबला त्यांच्याच मैदानावर हरवलं, आणि त्याच वॉस्प्सने त्या वर्षीचा युरोपियन कप उचलला! तरीही २००४ मध्ये वॉरियर्स बंद. आंतरराष्ट्रीय रग्बीत सर्वांत आधी १००० गुण करणारा नील जेन्किन्स ज्या पॉन्टिप्रिडने दिला, त्या भागाला आज स्वतःचा म्हणावा असा व्यावसायिक संघ नाही.

स्वान्सीकर:
भावना समजतात, पण हिशेबही बघा. १९९५ मध्ये खेळ व्यावसायिक झाला. तीसेक लाख वस्तीचा देश नऊ क्लबांच्या खेळाडूंना पगार देणार कुठून? वॉरियर्समधला पॉन्टिप्रिडचा हिस्सासुद्धा पैशांअभावीच विकला गेला होता. प्रादेशिक संघ आले नसते तर हे क्लब एकेक करून बुडाले असते.

आणि निकाल काय सांगतात? युरोपातल्या सहा देशांच्या (पूर्वी पाच) वार्षिक स्पर्धेत सर्व सामने जिंकून ग्रँड स्लॅम मिळवणं वेल्सला १९७८ नंतर २७ वर्षं जमलं नव्हतं. प्रादेशिक संघ आल्यावर २००५, २००८, २०१२ आणि २०१९, असे चार मिळाले. २००८ मध्ये ट्विकनहॅमवर, म्हणजे इंग्लंडच्या घरच्या मैदानावर, त्यांना २६-१९ हरवलं, तेव्हा सुरुवातीच्या पंधरा जणांत १३ ऑस्प्रीजचे होते. ज्या जोडसंघाला तुम्ही नावं ठेवता, त्यानेच २००५, २००७, २०१० आणि २०१२ मध्ये लीग जिंकली. २०१२ ची फायनल तर डब्लिनमध्ये, लेन्स्टर या आयरिश संघाच्या अंगणात, ३१-३० ने! नीथ आणि स्वान्सी वेगवेगळे राहून हे जमलं असतं, असं मला तरी वाटत नाही.

लिफीतीर:
मी डब्लिनमध्ये राहते, म्हणून आयर्लंडची बाजू मांडते. ३१ ऑक्टोबर १९७२ ला न्यूझीलंडच्या ऑल ब्लॅक्सना ९-३ ने हरवलं ते लानेथ्लीने, म्हणजे एका गावच्या क्लबने. बरोबर सहा वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९७८ ला, त्याच ऑल ब्लॅक्सना १२-० ने हरवलं मन्स्टरने, म्हणजे एका प्रांताने. आयर्लंडमध्ये माणसं व्यावसायिक रग्बीच्या कितीतरी आधीपासून प्रांतासाठी ओरडत होती. लीग आली तेव्हा चार संघ तयारच होते, नवं काही उभारावं लागलं नाही. वेल्समध्ये जीव जडलेला होता क्लबावर, आणि तो कागदावर सही करून हलवता येत नाही.

दुसरं म्हणजे कॉनाक्ट, आमच्या चार प्रांतांपैकी एक. २००३ मध्ये आयरिश युनियन हा संघ बंद करण्याच्या विचारात होती. चाहते डब्लिनच्या रस्त्यावर उतरले, संघ वाचला. २०१६ मध्ये त्याच कॉनाक्टने फायनलमध्ये लेन्स्टरला २०-१० हरवून विजेतेपद घेतलं. वाचवलेल्या संघाला तेरा वर्षं मिळाली. वॉरियर्सला एक वर्ष मिळालं.

स्वान्सीकर:
कॉनाक्टचं उदाहरण चांगलं आहे, पण स्कॉटलंड विसरू नका. त्यांनी २००७ मध्ये सीमाभागाचा संघ बॉर्डर रीव्हर्स बंद करून दोनच संघ ठेवले. ग्लासगोने २०१५ आणि २०२४ ला लीग जिंकली. कमी संघ म्हणजे प्रत्येकाला जास्त पैसा आणि जास्त चांगले खेळाडू. वेल्सच्या चार संघांपैकी कार्डिफ एप्रिल २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेला आणि युनियनला विकत घ्यावा लागला, हे तुमच्या शहरातच घडलंय ना?

मेलरोझप्रेमी:
बॉर्डर रीव्हर्स बंद केला म्हणजे काय केलं, तेही सांगा ना. १८८३ मध्ये सेव्हन्स, म्हणजे सात-सात खेळाडूंचं रग्बी, जिथे जन्मलं ते मेलरोझ याच सीमाभागातलं. ग्लासगोच्या दोन विजेतेपदांमुळे तिथल्या पोरांना घराजवळ व्यावसायिक संघ मिळाला का?

टॅफकाठ:
स्वान्सीकर, कार्डिफचं दुखणं मला मान्य आहे. पण २०१२ नंतर वेल्सच्या संघाने लीग जिंकली ती एकदाच, २०१७ मध्ये स्कार्लेट्सने. त्या काळात लीगमध्ये इटालियन होतेच, मग दक्षिण आफ्रिकी संघ आले. २०२२ ची फायनल केपटाऊनमध्ये, स्टॉर्मर्स विरुद्ध बुल्स. प्रवास वाढला, खर्च वाढला, आणि शेजारच्या गावाशी होणारे सामने, ज्यांना लोक चालत येतात, ते तेवढे कमी झाले. चारचे तीन केले की तेही आणखी घटणार.

तुमच्या ग्रँड स्लॅमच्या यादीबद्दलही एक सांगतो. २००५ मध्ये जिंकलेली पोरं क्लबांच्या काळात वाढलेली होती. प्रादेशिक संघ तेव्हा जेमतेम दोन वर्षांचे होते.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. चारही संघ ठेवा, आयरिश युनियनसारखे प्रमुख खेळाडूंचे करार युनियनने स्वतः करावेत, आणि वर्षातले दोन सामने पॉन्टिप्रिडच्या सार्डिस रोडवर खेळवा.

स्वान्सीकर:
सार्डिस रोडवर दोन सामने? याला माझा पाठिंबा. चार संघांना मात्र नाही, जोवर चौथ्याचा पगार कोण देणार हे कुणी सांगत नाही.